कुशीची घडण

हिंगोली जिल्ह्यातल्या कोणत्याही गावी जा. औंढा घ्या, सेनगाव घ्या, कळमनुरी किंवा वसमत घ्या. बायकांच्या बोलण्यात 'पिशवी' हा शब्द हटकून कानी येतो. कुणाच्या पिशवीला सूज आलेली असते, कुणाची पिशवी काढून टाकलेली असते. घरातल्या म्हशीबद्दल बोलावे इतक्या सहजपणे हे बोलणे चालते. परंतु ही पिशवी, म्हणजे गर्भाशय, घडते कशी, ती सगळ्यांची सारखीच असते काय, आणि एखादीची वेगळी असली तर त्याचा दोष कुणाकडे जातो, हे मात्र सहसा कुणी विचारीत नाही. ज्या घरात पाळणा हलत नाही, त्या घरी तर या प्रश्नाचे उत्तर आधीच ठरलेले असते. दोष सुनेचा!

वाचकहो, मी इतिहासाचा अध्यापक आहे, वैद्य नव्हे. तेव्हा औषधपाण्याचा सल्ला देण्याचा माझा अधिकार नाही. पण माणसाला एखादी गोष्ट कळली कशी, आणि कळल्यावर त्याने तिचे काय केले, हा इतिहासाचाच विषय आहे. आज ज्या गोष्टीची हकिकत सांगायची आहे ती अशी : डॉक्टर दुसऱ्याच कारणासाठी पोट उघडतात. कधी मूल न होण्याची शस्त्रक्रिया असते, कधी सिझेरियन, कधी गाठ काढायची असते. आणि आत पाहतात तो गर्भाशयाची ठेवण निराळीच! कुणाला गर्भाशयाचा एकच अर्धा भाग आहे, कुणाचे गर्भाशय वर दुभंगलेले आहे, कुणाच्या आत मधोमध पडदा आहे. त्या बाईला स्वतःला याची गंधवार्ताही नसते. अशा अवचित दर्शनातूनच या विषयाचे पुष्कळसे ज्ञान जमा झाले आहे, आणि त्या ज्ञानाने एका फार जुन्या आरोपाला उत्तर दिले आहे.

आता सुरुवात जरा गोठ्यापासून करू. शेळी कापताना किंवा मेलेल्या जनावराची चिरफाड होताना ज्यांनी पाहिले असेल त्यांना ठाऊक आहे, की शेळीच्या, गाईच्या गर्भाशयाला दोन शिंगे असतात. खालचा भाग एक आणि वर दोन फाटे. सशाच्या मादीत तर दोन्ही बाजूंची गर्भाशये अगदी खालपर्यंत वेगळीच राहतात. स्त्रीचे गर्भाशय मात्र एकसंध, उलट्या धरलेल्या पेरूसारखे. म्हणजे जी ठेवण बाईत सापडली तर आपण तिला व्यंग म्हणतो, ती शेळीत अगदी नेहमीची असते. निसर्गाला दोन्ही रीती येतात, एवढाच याचा अर्थ.

जुन्या काळी मृतदेहाची चिरफाड करण्याची मोकळीक नसल्यामुळे युरोपात मोठा घोटाळा झाला. दुसऱ्या शतकातला गालेन हा थोर वैद्य. परंतु त्याने जनावरांची चिरफाड करून माणसाचे शरीर वर्णिले. त्यामुळे स्त्रीच्या गर्भाशयाचेही दोन कप्पे मानले गेले. मध्ययुगात तर त्याचे सात कप्पे झाले! उजवीकडच्या तिहींत मुलगे, डावीकडच्या तिहींत मुली, अशी कल्पना शिकविली जाई. १५४३ साली वेसालियस याने मानवी देह प्रत्यक्ष उघडून पाहून लिहिलेला ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि गालेनच्या पुष्कळ चुका उघड झाल्या. पुढे १५६१ साली इटलीतल्या फालोपिओ याने गर्भाशयापासून दोन्ही बाजूंना जाणाऱ्या बीजवाहिनी नळ्यांचे नीट वर्णन केले. आजही त्या नळ्या त्याच्याच नावाने ओळखल्या जातात.

आपल्याकडच्या वैद्यांनी काय म्हटले होते? सुश्रुताने गर्भाशयाच्या आकाराला रोहित माशाच्या तोंडाची उपमा दिली आहे. अशी उपमा कुणी डोळ्यांनी पाहिल्यावाचून सुचत नाही. चरकसंहितेत स्त्रियांच्या वीस विकारांची यादी आहे. त्यांपैकी 'सूचीमुखी' या विकारात मार्ग सुईच्या टोकासारखा अरुंद असतो, आणि तो मुलगी आईच्या पोटात असतानाच तसा घडतो, असे चरक सांगतो. ही ठेवण जन्माआधीची आहे हे इतक्या जुन्या काळी ओळखले जावे, याचा आपल्याला अभिमान वाटायला हरकत नाही. पण तिथेच एक खोच आहे. हे घडते कशाने, तर 'मातृदोषाने', असेही तिथे म्हटले आहे. मुलीच्या माथ्यावरचा दोष उतरला तो तिच्या आईच्या माथ्यावर चढला! शरीराचे निरीक्षण बरोबर आणि जबाबदारीचे वाटप मात्र बायकांतच, हा प्रकार पुढे कित्येक शतके चालू राहिला.

याचा खरा उलगडा झाला तो १८३० साली. योहानेस म्युलर नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने गर्भावस्थेत जननेंद्रिये कशी तयार होतात यावर ग्रंथ लिहिला. आईच्या पोटातल्या सहा-सात आठवड्यांच्या गर्भात उजवीकडे एक आणि डावीकडे एक अशा दोन बारीक नळ्या तयार होतात. त्यांना आज म्युलरच्या नळ्या म्हणतात. गर्भ मुलीचा असेल तर या नळ्यांचा वरचा भाग वेगळा राहून त्याच्या बीजवाहिन्या होतात. खालचा भाग मधोमध येऊन एकमेकांना चिकटतो आणि त्याचे गर्भाशय होते. चिकटल्यावर मध्ये जी भिंत उरते ती हळूहळू विरघळून जाते. हे सारे काम साधारण पाचव्या महिन्यापर्यंत उरकलेले असते.

कयाधू जशी पैनगंगेला मिळते, तसा हा दोन प्रवाहांचा संगम समजा. संगम झालाच नाही, तर दोन गर्भाशये राहतात. अर्धवट झाला, तर वर दोन शिंगे राहतात. संगम झाला पण मधला बांध फुटला नाही, तर आत पडदा राहतो. एक प्रवाह मुळातच आटला, तर एकाच बाजूचे अर्धे गर्भाशय तयार होते. आणि दोन्ही आटले, तर गर्भाशय होतच नाही. या नळ्यांच्या शेजारीच मूत्रपिंडाची घडण चाललेली असते. म्हणून अशा पुष्कळ जणींत त्या बाजूचे मूत्रपिंडही नसते. बीजकोश मात्र निराळ्या ठिकाणी घडतात, त्यामुळे ते बहुधा धडधाकट असतात.

हे नीट लक्षात घ्या. ही सारी घडामोड मुलगी जन्माला येण्यापूर्वी संपलेली असते. तिने कोणता उपास मोडला, कुणाची नजर लागली, लग्नाआधी ती कशी वागली, यांतल्या कशाचाही या घडणीशी काडीचा संबंध नाही. तिच्या आईच्या वागण्यालाही बोल लावता येत नाही. बहुतेक वेळा याचे नेमके कारण सापडतच नाही.

पण १८३० साली हे कळले ते गर्भांच्या आणि मृतदेहांच्या अभ्यासावरून. जिवंत स्त्रीचे पोट उघडून पाहणे ही तेव्हा जवळजवळ अशक्य गोष्ट होती. १८०९ साली अमेरिकेच्या केंटकी प्रांतात मॅकडॉवेल नावाच्या डॉक्टरने एका सेहेचाळीस वर्षांच्या बाईच्या बीजकोशाची गाठ पोट उघडून काढली. त्या बाईला जुळी आहेत आणि दिवस उलटून गेले आहेत, अशी सगळ्यांची समजूत होती. मॅकडॉवेलने तपासले तेव्हा गर्भाशय रिकामे निघाले. शस्त्रक्रियेसाठी ती बाई साठ मैल घोड्यावर बसून त्याच्या गावी आली. साठ मैल म्हणजे हिंगोलीहून नांदेडला जावे एवढे, किंबहुना थोडे अधिकच! भुलीचे औषध नव्हते. पंचवीस मिनिटांत दहा किलोंची गाठ बाहेर निघाली, बाई वाचली आणि पुढे तीस वर्षांहून अधिक जगली. पण असे धैर्य आणि असे नशीब किती जणींचे असणार?

१८४६ साली ईथर आले, १८४७ साली क्लोरोफॉर्म आले, आणि १८६७ साली लिस्टरने जंतुनाशक पद्धत प्रसिद्ध केली. आता डॉक्टरला सावकाश आत पाहता येऊ लागले. या कथेत आपल्या मुलखाचाही एक दुवा आहे. आजचा हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. पण १९४८ पर्यंत हा सारा मराठवाडा निजामाच्या राज्यात होता, आणि हिंगोलीला १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. त्याच राज्याच्या राजधानीत १८८८ आणि १८८९ साली क्लोरोफॉर्मची परीक्षा पाहणारी दोन मंडळे बसली. डॉ. एडवर्ड लॉरी हे त्यांचे प्रमुख आणि खर्च निजाम सरकारचा. क्लोरोफॉर्मने माणूस दगावतो तो श्वास थांबून, हृदय थांबून नव्हे, असा त्यांचा निष्कर्ष होता. पुढे तो अपुरा ठरला. १९११ साली लेव्ही यांच्या प्रयोगांनी हृदयालाही धोका असल्याचे दाखवून दिले. परंतु भूल सुरक्षित कशी करावी या प्रश्नावर जगाचे लक्ष काही काळ हैदराबादकडे लागले होते, हे खरे. त्याच सुमारास हैदराबादच्या रूपाबाई फर्दुनजी या भूल देण्याचे शास्त्र शिकल्या. जगातल्या पहिल्या स्त्री भूलतज्ज्ञ म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

भूल मिळाली, तरी आपल्या समाजातली बाई दवाखान्यात येणार कशी? पुरुष डॉक्टरला हात दाखवायचा नाही, पडद्याआडून लक्षणे सांगायची, ही रीत होती. आनंदीबाई जोशी चौदा वर्षांच्या असताना त्यांचे मूल दहा दिवसांत गेले. त्या दुःखातून त्या अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली डॉक्टर झाल्या. दुर्दैवाने पुढल्याच वर्षी त्या वारल्या. १८८६ सालीच मुंबईत केवळ स्त्रियांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले आणि तिथे डॉ. एडिथ पीची यांच्यासारख्या स्त्री डॉक्टर काम करू लागल्या.

याच काळात मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता. लहानपणी लावून दिलेल्या लग्नाला आपली संमती नव्हती, म्हणून नवऱ्याकडे नांदायला जाणार नाही, असे त्यांनी सांगितले. १८८७ साली न्यायालयाने हुकूम दिला : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई तुरुंग पत्करायला तयार झाल्या. १८८८ साली तडजोड झाली. मग त्या इंग्लंडला गेल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या आणि सुरत, राजकोट येथे त्यांनी बायकांची सेवा केली. माझ्या देहाचे काय व्हावे ते मला विचारा, हे त्यांचे म्हणणे होते. वाचकांनी हे वाक्य मनात ठेवावे. पुढे त्याच्याशीच गाठ पडणार आहे.

विसाव्या शतकात शस्त्रक्रिया वाढल्या, तशी अवचित सापडणाऱ्या ठेवणींची नोंदही वाढली. जन्मतः गर्भाशय नसलेल्या स्त्रियांचे वर्णन जर्मनीतील मायर यांनी १८२९ साली आणि व्हिएन्नाच्या रोकिटान्स्की यांनी १८३८ साली केले होते. पुढे १९१० साली क्यूस्टर यांनी आणि १९६१ साली हाउझर यांनी त्यात भर घातली. आता या स्थितीला चौघांच्या नावाने ओळखतात. साधारण साडेचार-पाच हजार मुलींमागे एकीत ती आढळते. अशी मुलगी दिसायला चारचौघींसारखीच वयात येते, कारण बीजकोश शाबूत असतात. फक्त पाळी येत नाही. घरचे लोक वर्ष-दोन वर्षे वाट पाहतात, मग लग्न उरकून टाकतात, आणि खरी गोष्ट कळते ती सासरी गेल्यावर. सोळा वर्षांच्या मुलीला पाळी आली नसेल तर आधी दवाखाना, नवस नंतर, एवढे गावातल्या बाईंनी आणि गुरुजींनी पालकांना सांगितले तरी एखाद्या पोरीचे आयुष्य वाचेल.

दुसरी नोंद ऐकून नवल वाटेल. पुरुषाच्या अंतर्गळाची, म्हणजे हर्नियाची शस्त्रक्रिया करताना क्वचित आत लहानसे गर्भाशय सापडते! अशा रुग्णांविषयी १९३९ साली निल्सन यांनी लिहिले. याचे कारण १९४७ साली फ्रान्समध्ये आल्फ्रेड जोस्त यांनी सशांच्या गर्भांवर केलेल्या प्रयोगांतून पुढे आले. म्युलरच्या नळ्या मुलाच्या गर्भातही असतात. पण वृषणांतून निघणारा एक रस त्या जिरवून टाकतो. तो रस कमी पडला, तर पुरुषाच्या पोटातही गर्भाशय राहते. अशा पुरुषाला कुणी पापी म्हणत नाही, नवस फेडला नाहीस म्हणत नाही. हाच न्याय बाईला का नसावा?

हे प्रकार किती आढळतात? २०११ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यानुसार शंभर बायकांत पाच ते सहा जणींच्या गर्भाशयाची ठेवण जन्मतः थोडीफार वेगळी असते. ज्यांचे गर्भ वारंवार पडले आहेत अशा शंभर जणींत हे प्रमाण तेरावर जाते. पहिल्या आकड्याकडे परत एकदा पाहा. शंभर उंबऱ्यांच्या वस्तीत अशा पाच-सहा बाया असणार, आणि त्यांतल्या कित्येकींना मुलेबाळे सुखरूप झालेली असणार. वेगळी ठेवण म्हणजे वांझपण नव्हे.

मराठी मुलखातील सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर. गोव्यातील शिरोडा गावी १८९९ साली त्यांचा जन्म झाला आणि मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात ते शिकले व शिकवू लागले. त्यांच्याकडे अशा बायका येत, की दिवस तर राहतात, पण चौथ्या ते सातव्या महिन्याच्या दरम्यान मूल जाते. एकदा नव्हे, पुनःपुन्हा. त्या काळी विश्रांती आणि औषधे एवढेच उपाय. शिरोडकरांनी तपासून पाहिले, तेव्हा या बायकांच्या गर्भाशयाचे आतले तोंडच कच्चे असून वेळेआधी उघडते, असे त्यांच्या ध्यानात आले. तोंड सैल झालेल्या पोत्याला आपण काय करतो? दोरी आवळतो. शिरोडकरांनी त्याच बाईच्या मांडीतील पातळ पण चिवट पडद्याची पट्टी काढली आणि तिने गर्भाशयाचे तोंड बांधले. १९५५ साली ही पद्धत प्रसिद्ध झाली आणि 'शिरोडकरांचा टाका' म्हणून जगभर गेली. सरकारने त्यांना १९६० साली पद्मभूषण व १९७१ साली पद्मविभूषण दिले. त्याच वर्षी ते निवर्तले. ज्या बायकांना 'हिच्या पोटी मूल ठरत नाही' म्हणून हिणवले जाई, त्यांच्या कुशीत एका टाक्याने मूल ठरू लागले. दोष बाईच्या नशिबाचा नव्हता, ठेवणीचा होता, आणि ठेवणीवर इलाज होता.

आता या इतिहासाची दुसरी बाजू. एखादी गोष्ट दिसली, की ती दुरुस्त करावी अशी माणसाला ऊर्मी येते. १९०७ साली जर्मनीत श्ट्रासमन यांनी दुभंगलेले गर्भाशय कापून एक करण्याची शस्त्रक्रिया पुढे आणली. ती पुष्कळ वर्षे चालली. आज दोन शिंगांच्या गर्भाशयाला बहुधा हात लावीत नाहीत. आतला पडदा दुर्बिणीतून कापतात खरा. पण २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक चाचणीत, पडदा कापलेल्या आणि न कापलेल्या बायकांत मूल होण्याच्या प्रमाणात सुधारणा आढळली नाही. ती चाचणी लहान होती, तेव्हा शेवटचा शब्द अजून बाकी आहे. पण दिसले म्हणजे कापलेच पाहिजे असे नाही, एवढा धडा त्यातून घ्यायला हरकत नाही.

आणि कापायचे की नाही हे ठरवायचे कुणी? न्यूयॉर्कमध्ये १९०८ साली एक बाई पोटातल्या गाठीसाठी रुग्णालयात गेली. भूल देऊन फक्त तपासा, शस्त्रक्रिया नको, असे तिने बजावले होते. भुलीत असतानाच तिची गाठ काढून टाकण्यात आली. १९१४ साली न्यायमूर्ती कार्डोझो यांनी निकालात असे तत्त्व सांगितले, की शहाण्यासुरत्या, वयात आलेल्या प्रत्येक माणसाला आपल्या देहाचे काय करायचे ते ठरविण्याचा हक्क आहे. रुग्णालय धर्मादाय म्हणून त्या बाईला त्याच्याकडून भरपाई मिळाली नाही. तत्त्व मात्र राहिले.

आपल्या देशात तेच तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी लावले. १९९५ साली दिल्लीत एका चव्वेचाळीस वर्षांच्या अविवाहित बाईने दुर्बिणीने तपासणी करण्यास संमती दिली होती. ती भुलीत असताना डॉक्टरांना आत विकार दिसला. बाहेर बसलेल्या तिच्या आईची सही घेऊन गर्भाशय आणि दोन्ही बीजकोश काढून टाकण्यात आले. न्यायालयाने सांगितले, की तपासणीची संमती म्हणजे अवयव काढण्याची संमती नव्हे. बाई शुद्धीवर येऊन स्वतः निर्णय देऊ शकत असताना आईची सही चालणार नाही. जीवच धोक्यात असेल, तर गोष्ट वेगळी. डॉक्टरांचा हेतू वाईट नव्हता हे मानूनही न्यायालयाने फी नाकारली आणि पंचवीस हजार रुपये भरपाई देवविली. रखमाबाईंनी एकशेवीस वर्षांपूर्वी जे मागितले होते, तेच हे.

हे सारे दूरचे वाटत असेल तर मराठवाड्यातल्याच बीड जिल्ह्याकडे पाहा. २०१९ साली ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारी समितीने याची चौकशी केली. फडावर सुट्टी घेतली तर दंड, पाळीच्या दिवसांत सोय नाही, आणि 'पुढे कॅन्सर होईल' ही भीती, अशा अनेक गोष्टींच्या कात्रीत या बायका सापडल्या होत्या. कोयत्यावर जाणारी कुटुंबे आपल्याही जिल्ह्यात आहेत. एके काळी बाईच्या पोटातले कुणालाच दिसत नव्हते म्हणून तिचे हाल झाले. आता सगळे दिसते, तरी ते तिला समजावून सांगितले जात नाही म्हणून हाल होतात. सोनोग्राफी १९५८ साली ग्लासगोच्या डॉ. इयान डोनाल्ड यांनी जगापुढे मांडली, तेव्हापासून पोट न उघडताही आतले दिसू लागले आहे. प्रश्न दिसण्याचा राहिलेला नाही, सांगण्याचा आहे.

सांगण्याला इतके महत्त्व का, ते एका उदाहरणाने पटेल. मूल न होण्याच्या शस्त्रक्रियेत डॉक्टरांना दोन्ही बीजवाहिन्या बांधायच्या असतात. अर्ध्या गर्भाशयाच्या बाईत दुसरी नळी जागेवर सापडत नाही, किंवा बाजूला पडलेल्या खुरट्या शिंगाला जोडलेली असते. त्या खुरट्या शिंगात गर्भ राहिला, तर ते बहुधा मधल्या महिन्यांत फुटते आणि बाईचा जीव धोक्यात येतो. फ्रान्सच्या मोरिसो यांनी अशी घटना १६६९ सालीच नोंदविली आहे. सिझेरियन करताना दोन शिंगांचे गर्भाशय दिसले, तर पुढच्या खेपेला मूल आडवे किंवा पायाळू असण्याचा संभव अधिक, म्हणून बाळंतपण दवाखान्यातच झाले पाहिजे. शिवाय मूत्रपिंडे दोन आहेत की एक, हेही एकदा पाहून घ्यायला हवे. हे सर्व डॉक्टरांना त्या दिवशी दिसलेले असते. ते बाईला सांगितले नाही, कागदावर लिहिले नाही, तर पुढल्या वेळी निराळ्या गावी, निराळ्या डॉक्टरांपुढे ती पुन्हा कोरी पाटीच ठरते.

म्हणून शस्त्रक्रिया झाल्यावर घरी निघताना चार शब्द विचारण्याची सवय लावून घ्या. आत काय दिसले? काय केले? काय काढले, आणि का? हे मराठीत, कागदावर लिहून मिळेल का? डॉक्टरांवर अविश्वास म्हणून हे विचारायचे नाही. चांगल्या डॉक्टरला असा प्रश्न आवडतोच. आणि उत्तर बाईला मिळाले पाहिजे. सासूला, नवऱ्याला सांगायचे की नाही ते तिचे तिने ठरवावे. शस्त्रक्रियेआधीच्या कागदावर अंगठा किंवा सही करण्यापूर्वी तो वाचून घ्या. वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा. आत काही वेगळे दिसले तर मला शुद्धीवर येऊ द्या आणि मग विचारा, असेही आधी सांगता येते.

ज्या मुलीला गर्भाशयच नाही, तिची वाटही आज अगदी बंद नाही. मे २०१७ मध्ये पुण्यात डॉ. शैलेश पुणतांबेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातले पहिले गर्भाशय-रोपण केले. सोलापूरकडची ती तरुणी जन्मतःच गर्भाशयाविना होती, आणि गर्भाशय दिले तिच्या आईने. चरकाने ज्या आईकडे दोष दिला होता, तिनेच आपली कूस लेकीला दिली! हा उपाय खर्चाचा आणि जोखमीचा आहे, सर्वांसाठी नाही. २०२१ च्या कायद्याप्रमाणे अशा स्त्रीला नियमांत बसून सरोगसीची वाट आहे, आणि दत्तकाची वाट तर सर्वांनाच आहे. मूल नको असे ठरवूनही सुखाने जगता येते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये हिंगोलीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन झाले. इथली मुले-मुली डॉक्टर होतील आणि इथल्याच बायकांवर शस्त्रक्रिया करतील. त्यांना त्यांच्या भाषेत दोन वाक्ये नीट सांगता आली, तर शिकविणाऱ्यांचे सार्थक झाले. आणि शाळेतल्या गुरुजींनी व बाईंनी एक करावे. वर्गात शरीराचा धडा येतो, तेव्हा तो 'घरी वाचा' म्हणून उलटू नये. शेळीची दोन शिंगे आणि दोन नळ्यांचा संगम एवढे जरी फळ्यावर काढून दाखविले, तरी पुढे सासू होणाऱ्या एखाद्या मुलीच्या, आणि नवरा होणाऱ्या एखाद्या मुलाच्या तोंडी 'वांझ' हा शब्द येता येता थांबेल.